रत्नागिरीचं प्रीतिभोजन

नगरला परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो आहे, "काय बाई, कसा गेला नाताळ परगावी?" विचारणाऱ्याचा आवाज जरा खाली आलेला असतो. श्रावणात यांचं निधन झालं, त्यानंतरचा हा पहिला सण. म्हणजे मी तिकडे समुद्राकाठी बसून डोळे पुसत असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं आहे. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळं सविस्तर लिहूनच काढावं म्हणते. मलाही ते पुन्हा एकदा जगायला मिळेल.

आमची एकुलती एक मुलगी कृपा रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. नाताळात तिला नगरला यायला सुट्टी मिळेना, म्हणून मीच जायचं ठरवलं. मनात आणखी एक होतं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. नगरलाच एका दवाखान्यात तिच्यासाठी जागा होईल असा शब्द मी मिळवला होता. मुलीला घेऊनच परतायचं, असा माझा बेत होता. इतकं मोठं घर आणि त्यात मी एकटी! मुलगी कशासाठी असते मग?

घाट उतरताना

कोल्हापूरपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. कोल्हापूरला गाडी बदलली आणि आंबा घाट लागला. नगरची माणसं आम्ही. डोंगर म्हटलं की बोडका, पिवळा, मध्ये एखादं बाभळीचं झाड, एवढंच आमच्या डोळ्यांना ठाऊक. इथे दरीच्या तळापर्यंत झाडी, आणि गाडी वळणावळणाने त्या हिरव्यात खाली खाली जाते. हवा बदलली. नगरहून निघताना स्वेटरवर शाल घेतली होती, ती आधी निघाली, मग स्वेटर निघाला. शेजारची बाई म्हणाली, "आता पदरानं वारा घ्यायची तयारी ठेवा."

साखरप्याला गाडी चहाला थांबली, तेव्हा मी फराळाचा डबा बघायला पायाखाली हात घातला. डबा नव्हता. करंज्या, अनारसे, चिवडा, सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरलेलं. कोल्हापूरला गाडी बदलताना मी पिशव्या उचलल्या आणि डबा आधीच्या गाडीतच राहिला. कंडक्टर समजूत घालायला लागला, "बाई, कुणीतरी खाईलच की. वाया नाही जायचं." त्या डब्यासाठी मी आठ दिवस खपले होते. घर सोडताना जे रडू आलं नव्हतं, ते साखरप्याच्या चहाच्या टपरीवर आलं.

मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला

कृपा स्टँडवर उभी होती. वाळली होती, सावळली होती, आणि चालत होती भराभर, जणू सगळं गाव तिच्या ओळखीचं. तिची खोली मिरकरवाड्याच्या बंदराच्या वरच्या अंगाला, एका चिऱ्यांच्या घरात आहे. तांबडे जांभ्याचे चिरे, वर कौलं, मागे माड. खाली ट्रॉलर दाटीवाटीने उभे, आणि वारा फिरला की मासळीचा आणि डिझेलचा वास थेट घरात.

घरमालकीण खतिजाबी साठीच्या पुढच्या. नवरा जन्मभर बोटीवर होता, आता नाही. मुलगा कुवेतला. दारात येऊन उभ्या राहिल्या तशी मी आमच्या पद्धतीप्रमाणे हात कपाळाला लावून म्हटलं, "सलाम."

त्या बघतच राहिल्या. "कृपा, तुझी आय आमच्यासारी सलाम करते गो?"

"आमच्याकडे चर्चच्या मंडळीत एकमेकांना सलामच म्हणतात, खाला," कृपा हसून म्हणाली.

"मग बरा झाला. आता परकी न्हाय तुमी." त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत चालू लागल्या.

त्या संध्याकाळी भात आणि सुरमईचं कालवण पुढे आलं. आमच्याकडे मासा म्हणजे कधीतरी बाजारात आलेला गोड्या पाण्यातला. पहिल्या चार घासांतच काटा घशात अडकला. मी खोकते आहे, कृपा पाठ थोपटते आहे आणि खतिजाबी भाताचा मोठा गोळा हातात घेऊन सांगताहेत, "चावू नका, गिळा. गिळा, बाय, नुसता गिळा!" गिळला. काटा गेला. डोळ्यांत पाणी आलेलं तसंच मी पुन्हा कालवणात हात घातला. चव अशी की काट्याची भीती राहिली नाही.

सकाळी बंदरावर लिलाव चालला होता, त्याची ओरड खोलीपर्यंत येत होती. मी चहा घेता घेता विषय काढला. नगरला जागा आहे, नाताळ झाला की राजीनामा दे, माझ्याबरोबर चल.

कृपाने कप खाली ठेवला. "आई, मी येणार नाही."

"घरात कोण आहे आता?"

"माझ्यासाठी बोलावतेस की तुझ्यासाठी?"

"दोघींसाठी."

"मला इथे बरं वाटतं," ती म्हणाली. "बाबा गेल्यावर मी परत आले, तेव्हा खालांनी आणि दवाखान्यातल्या बायकांनी मला उभं केलं. तू विचारलंस का कधी, मी कशी राहिले ते?"

ती ड्यूटीवर निघून गेली. मी खिडकीशी बसून राहिले. मुलगी हातची गेली असं वाटलं, आणि आता नाताळपर्यंतचे दिवस कसे काढायचे, हा प्रश्न पडला.

दाऊदकाकांचं चर्च

बसून तरी काय करणार, म्हणून दुपारी चर्च शोधत गेले. गावात आपली मंडळी अगदी थोडी. चर्च लहानसं, चिऱ्यांचं, अंगणात एक जुना आंबा. दाऊदकाका नावाचे म्हातारे गृहस्थ छताची कोळिष्टकं काढत होते. तीन पिढ्या त्यांचं घराणं इथे आहे. मी पदर खोचला आणि केरसुणी घेतली.

झाडताझाडता त्यांनी सांगितलं, "पाळकसाहेब बाहेरगावाहून येतात. काल निरोप आला, तापाने पडलेत. येत नाहीत."

"मग नाताळची उपासना?"

"कोणीतरी वाचेल दोन वचनं. एक गीत म्हणू. मग ज्याचा तो घरी." त्यांनी झाडू खांबाला टेकवला. "खरं सांगू बाई, इथला नाताळ म्हणजे असाच. सगळे बदलीवर आलेले. कुणी केरळचा, कुणी ओरिसाचा, कुणी गोव्याचा. प्रत्येकाचा नाताळ त्याच्या गावी राहिलेला असतो. इथे उपासना उरकायची आणि घराचं दार लावून घ्यायचं. सणासारखा उदास दिवस नाही आमच्याकडे."

मला ते ऐकवेना. आमच्याकडे नाताळ म्हणजे आठवडाभर गीतफेऱ्या, ढोलकी, टाळ, आणि सणाच्या दिवशी अंगणात साऱ्या मंडळीचं प्रीतिभोजन. हे हार्मोनियम घ्यायचे आणि पहिलं कडवं यांचंच असायचं.

"दाऊदकाका, प्रीतिभोजन का नाही करत?"

"कोण करणार? टोप नाहीत, माणसं नाहीत, एकमेकांची भाषा येत नाही."

निघताना दारात एक जोडपं भेटलं. जॉर्जसाहेब बँकेत, केरळचे, हल्लीच बदलून आलेले. शेजारी त्यांची बायको सारा, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. तिला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. साहेब म्हणाले, "बाई, ही दिवसभर रडते. तुम्ही आमच्या घरी जरा येणार काय?"

गेले. सारा स्वयंपाकघरात नुसती उभी होती. त्यांच्याकडे नाताळाआधी उपास धरतात, मांस-मासे वर्ज्य. माहेरी सगळं घर मिळून तो उपास धरायचं. इथे ती एकटीच धरून बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "अम्मा, इधर क्रिसमस नहीं आएगा."

माझंही तेच म्हणणं होतं की. आणि मग मोडक्यातोडक्या हिंदीत माझ्या तोंडून जे निघालं, ते मी आधी कधी विचारात घेतलेलं नव्हतं. मी म्हटलं, "सारा, पहिला नाताळ कुठे झाला? मरियेच्या माहेरी झाला का? सासरी झाला का? ती तर प्रवासात होती. परकं गाव, जागा नाही, जवळ आई नाही, बहीण नाही. आणि बघायला आले कोण, तर अनोळखी मेंढपाळ. नाताळ मुळात परक्या गावातच आला, बेटा."

साराने डोळे पुसले. तिला किती कळलं कोण जाणे. मला मात्र लख्ख कळलं. नगरच्या अंगणात जे इतकी वर्षं केलं, ते नाताळाचं एक रूप होतं. आमच्या हार्मोनियमवाचूनही नाताळ आला होता, आणि येणार होता.

मी पदर सावरला. "तुझ्याकडे मोठं पातेलं आहे का ग?"

टोप, मासळी, माणसं

मोठं पातेलं साराकडे नव्हतं. ते मिळालं खतिजाबींकडून. मी सगळी हकीकत सांगितली तर त्या उठून उभ्याच राहिल्या. "टोप कशाला इचारतास? मोहल्ल्यात लग्नाचे टोप हायेत, दोन माणसांनी उचलायचे. सणाच्या दिवशी माणूस एकटा जेवला तर आमाला काय तोंड दाखवायचा?"

"सगळे टोप आणाल?"

"टोप आणीन, माझी भाचरं लाकडं आणतील, आणि मासळी मी देईन. माझ्या पुतण्याची बोट हाय." मग म्हणाल्या, "आणि सांदणं मी करणार. ती कोणाला करायला देणार न्हाय."

कृपा संध्याकाळी परतली तर मी आणि खतिजाबी ओट्यावर बसून तांदळाचा हिशेब घालतो आहोत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती स्वतःहून मसाला निवडायला बसली. दवाखान्यातल्या ओरिसाच्या दोन मुलींना मीच सांगते, असं म्हणाली. बंदरावर इंजिन दुरुस्त करणारा गोव्याचा एक मेकॅनिक आहे, तो व्हायोलिन वाजवतो, त्याला जॉर्जसाहेबांनी गाठलं. सारा आमच्यात येऊन बसली. नारळ खवायला खतिजाबी, सारा आणि मी, आम्हा तिघींची चढाओढ लागली, त्यात मी सपशेल हरले. नगरच्या बाईने वर्षाकाठी किती नारळ खवावेत?

चोवीस तारखेला दिवस मावळायच्या सुमारास गीतफेरी निघाली. ढोलकी दाऊदकाकांच्या गळ्यात, व्हायोलिन त्या गोव्याच्या गृहस्थांकडे. पण गीत उचलायचं कोणी? सगळे माझ्याकडे बघायला लागले. यांच्या तोंडचं पहिलं कडवं. मग मी डोळे मिटले आणि उचललं. सूर जरा वर लागला. व्हायोलिनवाल्याने हसून तार जुळवून घेतली, आणि आम्ही निघालो.

मिरकरवाड्याच्या गल्ल्यांत जाळी शिवणारी माणसं हातातलं काम ठेवून बघायला लागली. कुणी विचारलं, "लग्नाची वरात काय?" खतिजाबींनी ओट्यावरून ठणकावलं, "ईसा नबींचा जनम हाय, गप ऐका!"

शेवटी दवाखान्यात गेलो. कृपाची त्या वेळी ड्यूटी होती. हळू आवाजात गायचं, असं मोठ्या सिस्टरने बजावलं होतं. बायकांच्या वॉर्डात आम्ही दाराशी उभे राहिलो. गाता गाता मी माझ्या मुलीला बघत होते. आतल्या एखाद्या खेड्यातून आलेली एक म्हातारी होती, नवरा नाही, मुलगे मुंबईला. ती कृपाचा हात सोडेना. पलीकडच्या खाटेवरून कुणी हाक मारली, "कृपाबाय, जरा इकडे!" कृपा तिकडे गेली, उशी सारखी केली, काहीतरी बोलली, त्या बाईला हसू आलं. तिचं बोलणं ऐकून मी चकितच झाले. तेच हेल, तेच शब्द. माझी नगरची मुलगी अस्सल इथलं बोलत होती.

गीत संपल्यावर ती म्हातारी मला म्हणाली, "तुजी लेक काय गो ही? माका रोज भरवते. चांगली वाढवलास."

वडील गेल्यावर आपली मुलगी परक्यांत पडली, या काळजीने मी झुरत होते, आणि ती इथे परक्यांची लेक होऊन बसली होती. हिला इथून उचलून न्यायचं ते कुणासाठी? बाहेर पडले तेव्हा माझा बेत मीच मोडलेला होता, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

नाताळ

सकाळी चर्चमध्ये पाऊल ठेवलं तर दाऊदकाका दारातच म्हणाले, "बाई, संदेश तुम्ही द्यायचा."

"मी? मी मुलांना व्याकरण शिकवणारी बाई. मंडळीपुढे कधी उभी राहिले नाही."

"परवा साराला जे सांगितलंत, तेच सांगा. साहेबांनी मला सगळं सांगितलंय."

नाही म्हणायला वेळच नव्हता, कारण माणसं येत होती. इतकी की बाकं पुरेनात. ओरिसाच्या मुली केसांत फुलं माळून आल्या होत्या. जॉर्जसाहेब लुंगीसारख्या पांढऱ्याशुभ्र मुंडूत. कृपाच्या वॉर्डातल्या दोन आया मागे दाराशी उभ्या, आणि त्यांच्याही मागे, डोक्यावरून ओढणी घेऊन, खतिजाबी.

उभी राहिले. मग साराचा चेहरा दिसला आणि शब्द फुटला. मी सांगितलं, की या वर्षी माझ्या घरातला माणूस गेला, आणि मला वाटलं होतं, सणही त्याच्याबरोबर गेला. तुम्हालाही वाटतं, सण गावी राहिला, आईजवळ राहिला. पण प्रभूने जन्म घेतला तो वाटेवरच्या माणसांत. ज्यांचं घर मागे राहिलं, त्यांच्याकडेच तो आधी आला. तेव्हा आपल्याकडे जागा कमी असेल, माणसं कमी असतील, कुणी कायमचं गेलं असेल, तरी दार उघडं ठेवू या. आज कुणी घरी जाऊन दार लावून घ्यायचं नाही. आज सगळे इथेच जेवणार!

कुणीतरी टाळी वाजवली. उपासनेत टाळी! मग सगळ्यांनीच वाजवली. सगळ्यांना येणारी अशी नाताळची एक चाल आहे. व्हायोलिनवर तिचा सूर निघाला आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेत तोंड उघडलं. मराठी, मल्याळम, उडिया, कोकणी, सगळं एकावर एक. शब्द एकाचा दुसऱ्याला कळत नव्हता आणि चाल कुठे तुटत नव्हती. मी इतकी मोठी मंडळी नगरला पाहिली आहे, पण असं गाणं आयुष्यात ऐकलं नव्हतं. कौलं हलतील की काय असं वाटलं. सारा सगळ्यांत मोठ्याने गात होती.

अंगणात आंब्याखाली पंगती बसल्या. सुरमईचं कालवण, भात, ज्यांना मासळी चालत नाही त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याची उसळ, साराने केलेला नारळाच्या दुधातला मटणाचा रस्सा, तिचा उपास सोडायला. आणि खतिजाबींची सांदणं! तांदळाची, वाफवलेली, जाळीदार, कापसासारखी. साराने एक तोंडात टाकलं आणि ती ओरडली, "ये तो हमारा वट्टयप्पम!" केरळात तिची आई नाताळला नेमकं असंच काही करते म्हणे. ती उठून खतिजाबींच्या गळ्यातच पडली. खतिजाबींना एक शब्द कळला नाही. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "खा गो, आणखी हाय. पोटभर खा."

दाऊदकाका पंगतीतून फिरत वाढत होते. माझ्या पानाशी आले आणि नुसते उभे राहिले. "इतकी वर्षं चर्चची किल्ली माझ्याकडे आहे," ते म्हणाले, "आज पहिल्यांदा कुलूप लावायला उशीर होणार."

भाट्याची वाळू

उन्हं कलल्यावर आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्र मी असा जवळून पहिल्यांदाच पाहत होते. सारा आणि त्या ओरिसाच्या मुली पाण्यात धावल्या. मी चपला हातात घेऊन ओल्या वाळूत उभी राहिले. लाट आली, पायाखालची वाळू सरकली, मी किंचाळून कृपाला धरलं आणि दोघी पाण्यात बसलो. माझं नाताळचं नवं लुगडं कमरेपर्यंत भिजलं. किती महिन्यांनी हसले मी तशी!

तिथेच बसून मी तिला म्हटलं, "कृपा, मी तुला न्यायला आले होते."

"ठाऊक आहे."

"आता नेत नाही. तू इथेच राहा. तुझं काम इथे आहे."

तिने माझा भिजलेला पदर पिळला. मग म्हणाली, "आणि तू?"

"मी काय, नगरलाही बदलीवर आलेले किती आहेत. रेल्वेचे, लष्कराचे. पुढच्या रविवारपासून एकेकाचं दार वाजवते. जेवायला बोलावते. बघू कोण नाही म्हणतं."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. बाबा असते तर त्यांना हे फार आवडलं असतं, असं म्हणाली. मी म्हटलं, आवडलंच असेल.

नव्या वर्षाची उपासना करून मी निघाले. स्टँडवर निरोपाला इतकी माणसं आली की कंडक्टरने विचारलं, "यातले बसणार किती?" एकटीच बसले. खतिजाबींनी खिडकीतून हात आत घालून माझा हात आपल्या कपाळाला लावला. "सलाम, बाय. पुढल्या ईदेला या."

गाडी हलली. शेजारी कोल्हापूरला निघालेल्या एक बाई होत्या. एवढा गोतावळा बघून त्यांना राहवलं नाही. "रत्नागिरीत कोण असतं हो तुमचं?"

मुलगी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. "मंडळी आहे माझी," मी म्हटलं.

"सगळी घरची?"

"सगळी घरची."

त्यांनी पाय वर घेतले, नीट माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सांगा तरी." मी सांगायला सुरुवात केली. आंबा घाट चढून गाडी वर आली तरी माझं अजून पंगत बसण्यापर्यंतच झालं होतं.